एन नक्की किती? प्रयोग आणि सर्वेक्षणात नमुना मोजताना होणारी गल्लत

मोजमाप

शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन, शेती, जीवशास्त्र, स्थापत्य. शाखा कुठलीही असो, प्रबंधाच्या आराखड्यात एक चूक सारखी दिसते: जितक्या मोजण्या घेतल्या, तितका नमुना, म्हणजे एन, धरला जातो. तुकडीत ६० मुलं म्हणून एन ६०, वाफ्यातली ५ रोपं म्हणून एन ५, काँक्रीटच्या एका बॅचचे ३ क्यूब (चाचणीचे घन ठोकळे) म्हणून एन ३. मग टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) लावली की पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०१ च्या खाली येते आणि सगळे खूश होतात. त्या पी-व्हॅल्यूला काही अर्थ नसतो.

१९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी परिसंस्थाशास्त्रातले १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले. त्यांतल्या २७ टक्क्यांत ही चूक निघाली. तिला त्यांनी 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटलं, आपण खोटी पुनरावृत्ती म्हणू. चाळीस वर्षं झाली तरी चूक तिथेच आहे, म्हणून हा धागा.

ओळखायची सोपी खूण अशी: कोणाला कोणती ट्रीटमेंट (तपासायची पद्धत, खत, मिश्रण) द्यायची हे ठरवताना चिठ्ठी किती वेळा उचलली? तोच एन. 'अ' तुकडीला नवी पद्धत आणि 'ब' ला जुनी, असं ठरवताना चिठ्ठी एकदाच उचलली जाते. प्रत्येक बाजूला एकच तुकडी, म्हणजे प्रत्येक बाजूचा एन १. त्या तुकडीत ६० मुलं असोत की ६००. निकालात फरक दिसला तर तो पद्धतीचा की शिक्षकाचा, की दुपारच्या तासाचा, हे आकडेवारी कधीच सांगू शकणार नाही.

आपापल्या क्षेत्रातली उदाहरणं आणि उपाय लिहा. उपाय आकड्यांसकट हवेत.

पाटीपेन्सिल

शिक्षणशास्त्रात ही चूक सर्वांत जास्त दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: शिक्षक एक, वस्ती एक, वेळापत्रक एक. हे साम्य मोजणाऱ्या आकड्याला आयसीसी म्हणतात. शालेय गुणांच्या बाबतीत तो ०.१० ते ०.२५ सर्रास असतो. त्यावरून नमुना किती 'आटतो' ते काढता येतं:

डिझाइन इफेक्ट = १ + (वर्गातली सरासरी मुलं − १) × आयसीसी

६ वर्ग, प्रत्येकी ४० मुलं, आयसीसी ०.१५ धरा. डिझाइन इफेक्ट १ + ३९ × ०.१५ = ६.८५. मुलं २४०, पण माहिती २४० ÷ ६.८५ म्हणजे जेमतेम ३५ स्वतंत्र मुलांइतकी.

पुढची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर्ग ६ च ठेवून मुलं वाढवत गेलात तर हा आकडा कुठवर जाईल? ६ ÷ ०.१५ = ४०. बस्स. प्रत्येक वर्गात हजार मुलं बसवली तरी ४० च्या पुढे जात नाही. म्हणून वेळ आणि प्रवासखर्च मोजका असेल तर प्रत्येक शाळेतली १५-२० मुलंच तपासा, पण शाळा वाढवा.

८ शाळा मिळाल्या, ४-४ वाटल्या, तर सर्वांत सरळ विश्लेषण म्हणजे प्रत्येक वर्गाची सरासरी काढा आणि त्या ८ आकड्यांवर टी-टेस्ट करा. डिग्री ऑफ फ्रीडम (त्रुटी मोजायला उरलेले स्वतंत्र आकडे), म्हणजे डीएफ, ६. फरक ५ टक्क्यांच्या पातळीवर सार्थ ठरायला टीची किंमत २.४४७ च्या वर हवी. दिसायला गरीब विश्लेषण आहे, पण प्रामाणिक आहे. पूर्वचाचणीचे गुण हाताशी असतील तर सरासरीच्या जागी वाढ घ्या, म्हणजे शाळाशाळांमधला मूळचा फरक बराचसा गळून जातो.

सारख्या शाळांच्या जोड्या लावायचा मोह होतो. सावध राहा. ८ शाळांच्या ४ जोड्या केल्या की डीएफ ३ उरतो आणि टीची मर्यादा ३.१८२ वर जाते. जोडीतल्या शाळा खरोखरच खूप सारख्या असतील तरच हा सौदा परवडतो.

नवी_वाट

धागा फार कामाचा. एक शंका: परवानगी एकाच शाळेची आणि वर्ग दोनच असतील तर प्रयोग करूच नये का?

पाटीपेन्सिल

करता येतो, पण चिठ्ठी दुसऱ्या ठिकाणी उचलावी लागते. दोन मार्ग आहेत.

पहिला, हस्तक्षेप मुलागणिक देता येतो का पाहा. सरावपत्रिका, मोबाइलवरची चित्रफीत, गृहपाठावरचा शेरा या गोष्टी एकाच वर्गातल्या निम्म्या मुलांना एक प्रकार आणि निम्म्यांना दुसरा अशा वाटता येतात. मग चिठ्ठी प्रत्येक मुलासाठी उचलली जाते आणि मूल हेच एकक होतं. अडचण एवढीच की मुलं पत्रिका एकमेकांना दाखवतात. त्यामुळे फरक पुसट होतो, म्हणून वाटप आणि जमा करणं त्याच तासात उरका.

दुसरा, पद्धत शिक्षकानेच वर्गात वापरायची असेल तर अभ्यासक्रमातले ६ घटक निवडा. प्रत्येक घटकाला चिठ्ठी उचला: या घटकाला नवी पद्धत 'अ' ला की 'ब' ला? दर घटकाअखेर दोन्ही तुकड्यांना सारखी चाचणी. प्रत्येक घटकातून 'नवी वजा जुनी' असा एक फरक मिळतो. ६ फरक, डीएफ ५, टीची मर्यादा २.५७१. एक तुकडी मुळात हुशार असली तर चिठ्ठीमुळे तिचा फायदा दोन्हीकडे जाईल. फक्त चिठ्ठीने सहाही वेळा एकच तुकडी आली तर पंचाईत, म्हणून ३-३ चं बंधन घालून सोडत काढा आणि विश्लेषणात तुकडीचा फरक वेगळा काढा. तो काढला की डीएफ ४ उरतो, टीची मर्यादा २.७७६ होते. घटक एकमेकांवर आधारलेले नकोत. अपूर्णांकानंतर दशांश घेतलात तर आधीच्या पद्धतीचा परिणाम पुढे झिरपतो. आणि निष्कर्षात 'या दोन तुकड्यांत' हे शब्द आलेच पाहिजेत.

वाफा_सात

शेतीच्या प्रयोगात ही शिस्त जुनी आहे. पानसे आणि सुखात्मे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आजही कृषी विद्यापीठांत वापरतात. तरीही चूक होतेच, फक्त ती वाफ्याच्या आत लपते.

समजा ४ ट्रीटमेंट, ३ पुनरावृत्त्या, यादृच्छिक गट रचना (प्रत्येक गटात चारही ट्रीटमेंट, जागा चिठ्ठीने). १२ वाफे झाले. प्रत्येक वाफ्यात ५ रोपांना खुणेची चिठ्ठी बांधून उंची मोजली, म्हणजे ६० मोजण्या. पण ट्रीटमेंट वाफ्याला दिली, रोपाला नाही. पाच रोपांची सरासरी काढून वाफ्यामागे एकच आकडा घ्यायचा. चुकीचं आणि बरोबर यांत किती अंतर पडतं ते पाहा:

६० आकडे थेट घातले तर त्रुटीचा डीएफ ५४ दिसतो, एफची (दोनहून जास्त सरासऱ्यांच्या तुलनेतला आकडा) ५ टक्क्यांची मर्यादा २.७८.
१२ सरासऱ्या घातल्या तर डीएफ (३ − १) × (४ − १) = ६, मर्यादा ४.७६.

नुसती मर्यादाच बदलत नाही. रोपारोपांतला फरक हा वाफ्यावाफ्यांतल्या फरकापेक्षा वेगळी गोष्ट आहे. पहिल्या विश्लेषणात जमिनीचा कस, पाण्याची ओल, वाळवीचा एखादा पट्टा हे सगळं ट्रीटमेंटच्या खात्यावर जमा होतं.

त्रुटीचा डीएफ किमान १२ असावा हा आपल्याकडचा रूढ दंडक. त्यावरून पुनरावृत्त्या ठरवा: ४ ट्रीटमेंट असतील तर ५, ५ असतील तर ४, ७ असतील तर ३. वरच्या उदाहरणात ३ च्या ५ पुनरावृत्त्या केल्या की मर्यादा ३.४९ वर उतरते. वाफे २० होतात, पण मोजायची रोपं वाफ्यामागे ५ ऐवजी ३ केली तर मोजणी तितकीच, ६० च.

गट पाडताना हमखास चुकणारी गोष्ट: उतार किंवा कस ज्या दिशेने बदलतो, त्या दिशेला गट आडवे हवेत. उताराच्या दिशेने लांबट गट केला तर गटाच्या आतच वरचा कोरडा वाफा आणि खालचा ओलसर वाफा येतो. मग गट पाडून मिळवलं काय? वाफ्याच्या चारही बाजूंच्या कडेच्या ओळी उत्पन्नात धरू नका. कडेच्या रोपांना ऊन आणि अन्न जास्त मिळतं, शेजारच्या वाफ्याचं खत झिरपतं.

मोजमाप

वाफा_सात, पाण्याच्या प्रयोगाबद्दलही लिहा. तिथे गोंधळ जास्त असतो.

वाफा_सात

हो. ठिबकच्या एका उपनळीवर पाण्याची एकच पातळी देता येते, आणि त्या पट्ट्यात ४ वाण लावले जातात. म्हणजे चिठ्ठी दोन पातळ्यांवर उचलली: पाण्यासाठी पट्ट्याला, वाणासाठी वाफ्याला. ही स्प्लिट प्लॉट रचना. पाण्याचा परिणाम पट्ट्यांमधल्या त्रुटीवर तपासायचा, वाणाचा वाफ्यांमधल्या. सॉफ्टवेअरला दोन घटक सांगून मोकळं झालात तर ते एकच त्रुटी वापरतं आणि पाण्याचा परिणाम फुगून दिसतो. पाण्याच्या ३ पातळ्या आणि ३ पुनरावृत्त्या असतील तर पाण्यासाठी डीएफ फक्त ४ आहे, हे आराखड्यातच स्पष्ट लिहा.

वाढकक्षातही हेच होतं. एक कक्ष २५ अंशांवर, दुसरा ३० वर, प्रत्येकात ४० कुंड्या. एन १. उपाय म्हणजे तोच प्रयोग ४ वेळा करा आणि दर वेळी कोणता कक्ष किती अंशांवर ते चिठ्ठीने ठरवा.

घन१५०

स्थापत्याकडे वळतो. एम.टेक.च्या असंख्य प्रबंधांचा साचा ठरलेला: सिमेंटच्या जागी फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) ०, १०, २०, ३० टक्के, प्रत्येक मिश्रणाची एक बॅच, त्यातून १५० मिमीचे ३ क्यूब, २८ दिवसांची ताकद, सरासरीचा आलेख. मग '२० टक्क्यांना कमाल ताकद मिळाली' असा निष्कर्ष.

चिठ्ठीची कसोटी लावा. मिश्रण बॅचला दिलं. ३ क्यूब एकाच बॅचचे. एन १. आणि १० टक्के व २० टक्के यांच्यात दिसणारा २ एमपीएचा (ताकदीचं एकक) फरक एका दिवसाच्या वाळूच्या ओलीनेही पडतो. हिशोब करून पाहा: घनमीटरमागे ७०० किलो वाळू, तिच्यात न धरलेली २ टक्के ओल, म्हणजे १४ लिटर जादा पाणी. ३८० किलो बाइंडर (सिमेंट अधिक फ्लाय अॅश) आणि १७१ लिटर पाणी धरलं होतं, म्हणजे पाणी-बाइंडर प्रमाण ०.४५. आता पाणी १८५ लिटर, प्रमाण ०.४९ च्या जवळ. तीनही क्यूब मिळून सारखेच कमकुवत निघतील आणि आपसांत छान जुळतील. तीन क्यूब जुळले याचा अर्थ साचे भरणं आणि दाबणं नीट झालं, एवढाच.

माझी शिफारस: ४ मिश्रणं × ४ दिवस. प्रत्येक दिवशी चारही मिश्रणांची एकेक बॅच, क्रम रोज चिठ्ठीने. दिवस हा गट. १६ बॅच, त्रुटीचा डीएफ ३ × ३ = ९. बॅचमागे ३ क्यूब म्हणजे ४८ क्यूब.

खर्चाची भीती वाटते, म्हणून आकडे देतो. एक क्यूब ०.००३३७५ घनमीटर, ४८ चे ०.१६२. सांडलवंड आणि स्लम्पसाठी (ओल्या काँक्रीटच्या प्रवाहीपणाची चाचणी) २० टक्के जादा धरून ०.१९४. त्याला ३८० किलोने बाइंडर सुमारे ७४ किलो. फ्लाय अॅश सरासरी १५ टक्के वजा केली तर सिमेंट सुमारे ६३ किलो. दोन पोती. दोन्ही पोती एकाच वेळी फोडून कोरडीच एकत्र मिसळा आणि हवाबंद पिंपात भरा, नाहीतर चौथ्या दिवशीचं सिमेंट पहिल्या दिवसासारखं राहणार नाही.

करताना काय चुकतं:

रोज वाळूची ओल मोजून पाणी दुरुस्त करायला लोक विसरतात. वरचा हिशोब आठवा.

मिक्सर कोरडा असला तर दिवसाच्या पहिल्या बॅचचं मॉर्टर भिंतीला चिकटून कमी होतं. आधी थोडं मॉर्टर फिरवून काढून टाका. नाहीतर पहिला क्रमांक ज्या मिश्रणाचा, त्याला तोटा. क्रम रोज बदलायचं हेही एक कारण.

हाताने ठासत असाल तर साधारण ५० मिमीचे तीन थर, प्रत्येक थराला १६ मिमीच्या रॉडने किमान ३५ ठोके. मोजून.

क्यूब यंत्रात ठेवताना ओतलेला वरचा पृष्ठभाग बाजूला यायला हवा. वर ठेवला तर खडबडीत पृष्ठभागामुळे ताकद कमी येते. भार मिनिटाला १४० किलो प्रति चौरस सेंमी या गतीने. घाईने भार दिला तर आकडा वाढून येतो.

आणखी एक. फ्लाय अॅशची अभिक्रिया हळू चालते. फक्त २८ दिवसांवर निकाल लावणं तिच्यावर अन्याय आहे. ५६ आणि ९० दिवसांचे क्यूब त्याच बॅचमधून घ्या. त्याने क्यूब तिप्पट होतील, एन मात्र १६ बॅचच राहील.

साइटवाला

घन१५० यांच्याशी अर्धवट असहमत. आयएस ४५६ मध्येच (काँक्रीटचा भारतीय संकेत) म्हटलंय की एका नमुन्यातून ३ क्यूब घ्यायचे, त्यांची सरासरी म्हणजे त्या नमुन्याचा निकाल, आणि एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब नको. साइटवर आपण हेच करतो. मग संकेतच चुकीचा म्हणायचा का?

घन१५०

संकेत अगदी बरोबर आहे. उलट तो माझ्याच बाजूने बोलतो: ३ क्यूब मिळून *एक* निकाल, असंच त्यात लिहिलं आहे. आणि प्रमाण विचलन ठरवायचं तर त्यात किमान ३० निकाल मागितले आहेत, ३० क्यूब नव्हेत. एम २५ साठी (२५ एमपीए ताकदीचं काँक्रीट) स्वतःची आकडेवारी नसेल तर ४ एमपीए गृहीत धरायला सांगितलं आहे, म्हणून लक्ष्य ताकद २५ + १.६५ × ४ = ३१.६. हे ४ एमपीए बॅचबॅचमधल्या फरकाचे आहेत. प्रबंधातला २ एमपीएचा 'शोध' त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

साइटवर प्रश्न वेगळा असतो: *या* ओतकामाचं काँक्रीट पास की नापास? तिथे विधान त्या काँक्रीटपुरतं आहे, त्यामुळे त्यातूनच घेतलेला नमुना योग्य. '२० टक्के फ्लाय अॅश सर्वांत चांगली' हे विधान कुणीही, कुठेही करणार असलेल्या बॅचबद्दल आहे. त्याला अनेक बॅच लागतात.

मोजमाप

साइटवाला यांच्या प्रश्नामुळे महत्त्वाचा मुद्दा पुढे आला. एन हा विधानावर ठरतो. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचं १९३५ चं चहाचं उदाहरण घ्या. दूध आधी घातलं की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येतं असं एका बाईंचं म्हणणं. ८ कप, ४ असे आणि ४ तसे, क्रम यादृच्छिक. सगळे अचूक ओळखायची निव्वळ योगायोगाची शक्यता ७० त १, म्हणजे १.४ टक्के. बाई एकच, तरी एन ८, कारण विधान त्या बाईंबद्दल आहे आणि चिठ्ठी कपांवर उचलली. पण त्यावरून 'बायकांना चव कळते' असं लिहिलंत की एन लगेच १.

पेट्रीडिश

प्रयोगशाळेत याला तांत्रिक आणि जैविक पुनरावृत्ती म्हणतात. एकाच फ्लास्कमधल्या पेशी तीन वेल्समध्ये (तबकडीतल्या खळग्यांत) ओतल्या, ती तांत्रिक. वेगळ्या दिवशी, वेगळ्या व्हायलमधून (कुपीतून) वाढवलेलं कल्चर, ती जैविक. क्यूपीसीआरचे (डीएनएची मात्रा मोजायची चाचणी) ट्रिप्लिकेट पिपेटिंगची चूक पकडायला असतात, एन वाढवायला नाही.

किती कशावर खर्च करावं याचं गणित सोपं आहे. कल्चरकल्चरमधलं विचलन १० आणि वेलवेलमधलं ४ धरा. सरासरीच्या प्रमाण त्रुटीचा वर्ग म्हणजे १०० ÷ कल्चर, अधिक १६ ÷ एकूण वेल्स.

३ कल्चर × ३ वेल्स, एकूण ९: त्रुटी ५.९
३ कल्चर × ३० वेल्स, एकूण ९०: त्रुटी ५.८
६ कल्चर × १ वेल, एकूण ६: त्रुटी ४.४

६ वेल्सनी ९० वेल्सना मागे टाकलं. अभिकर्मकांचा खर्च पंधरापट कमी. हा तक्ता मार्गदर्शकांपुढे ठेवा, 'जास्त वेल्स लावा' हा आग्रह बहुधा तिथेच संपतो.

उंदरांच्या प्रयोगात औषध खाद्यातून दिलं तर पिंजरा हे एकक, कारण पिंजऱ्याला एकच खाद्य. इंजेक्शन प्रत्येक उंदराला चिठ्ठीने दिलं तर उंदीर एकक, पण पिंजरा गट म्हणून विश्लेषणात ठेवा. आणि आलेखावर त्रुटीदांडी कशाची ते लिहा. एन ३ असताना ९५ टक्क्यांची पट्टी (९५ टक्के खात्रीने खरी सरासरी जिथे असेल तो पल्ला) दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या ४.३ पट असते. बहुतेक आलेखांत एकपटच काढलेली असते आणि वाचणाऱ्याला निकाल आहे त्यापेक्षा पक्का वाटतो.

तळटीप

व्यवस्थापनाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे ३८४ हा आकडा मंत्रासारखा वापरला जातो. तो येतो कुठून? १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग = ३८४.१६. अर्थ असा: *एक* टक्केवारी, ९५ टक्के खात्रीने, ५ टक्के अलीकडे-पलीकडे, आणि निवड साध्या यादृच्छिक पद्धतीने. शेवटची अट मोडली की सूत्र लागू होत नाही. व्हॉट्सअॅप गटांवर फॉर्मची लिंक टाकून ३८४ उत्तरं जमवली तर चिठ्ठी एकदाही उचललेली नसते. शिवाय लिंक किती जणांनी पाहिली हेच ठाऊक नसल्याने प्रतिसादाचं प्रमाणही लिहिता येत नाही.

अटी पाळल्या तरी पुढे मेख आहे. ३८४ चे ५ वयोगट केले की गटामागे ७७ उरतात आणि अलीकडे-पलीकडेची मर्यादा ५ टक्क्यांवरून ११ वर जाते. प्रकरण चारमध्ये गटागटांची तुलनाच करायची असेल तर नमुना त्या तुलनेसाठी काढा.

कसं करावं: समजा कंपनीत १,८४० कर्मचारी आहेत आणि मनुष्यबळ विभागाकडून यादी मिळते. मर्यादित संख्येची दुरुस्ती: ३८४ ÷ (१ + ३८३ ÷ १८४०) = ३१८. साधारण ६० टक्के उत्तर देतील असं धरलं तर ५३० जणांकडे जावं लागेल. अंतर १८४० ÷ ५३० = ३.४७. ० ते ३.४७ मधला यादृच्छिक आकडा घ्या, त्यात ३.४७ मिळवत जा, दर वेळी वरच्या पूर्णांकाचा क्रमांक निवडा. यादी आधी विभागानुसार लावून घ्या, म्हणजे सगळ्या विभागांतून प्रमाणात माणसं येतील. मग दोनदा आठवण करा. आठवणीनंतर आलेली उत्तरं पहिल्या फेरीपेक्षा वेगळी आहेत का ते तपासा. बरीच वेगळी असतील तर न आलेली आणखी वेगळी असणार, आणि नमुना वाढवून हा दोष जात नाही.

४ शाखांतून प्रत्येकी ८० माणसं घेऊन 'नेतृत्वशैलीचा परिणाम' तपासत असाल, तर पाटीपेन्सिल यांचं सूत्र तुम्हालाही लागू. व्यवस्थापक ४ च आहेत.

क्रॉनबाख अल्फाबद्दलही (प्रश्नावलीतले प्रश्न आपसांत किती जुळतात याचा आकडा) दोन ओळी, कारण ०.७ दिसलं की लोक निश्चिंत होतात. अल्फा प्रश्नांच्या संख्येबरोबर वाढतो. ५ प्रश्नांत आपसांतला सरासरी सहसंबंध ०.३२ असेल तर अल्फा ०.७०. २० प्रश्नांत तो नुसता ०.१०५ असला तरी अल्फा ०.७०! म्हणून सरासरी सहसंबंधही द्या. अल्फा अगदी कमी किंवा चक्क ऋण आला तर आधी पाहा, 'मला काम कंटाळवाणं वाटतं' अशा उलट्या प्रश्नाचे गुण उलटवायचे राहिले आहेत का.

वाफा_सात

तळटीप यांच्या 'नमुना वाढवून दोष जात नाही' याला शेतीतला पुरावा देतो. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगात किती लहान चौकट घ्यावी यावर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला. पांडुरंग सुखात्मे, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांनी दाखवलं की चौकट फार लहान असली की उत्पन्न जास्त भरतं, कारण कडेवरचं रोप आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि लहान चौकटीला क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते. अशा हजार चौकटी घेतल्या तरी आकडा फुगलेलाच राहणार, फक्त जास्त ठामपणे.

नवी_वाट

आणि माहिती आधीच गोळा झाली असेल तर? पुन्हा प्रयोग शक्य नसलेले बरेच जण असतील.

मोजमाप

तीन गोष्टी करता येतात.

एककं ३-४ तरी असतील, तर सरासऱ्या काढून विश्लेषण परत करा. निकाल 'सार्थ' राहिला नाही तर तसं लिहा आणि फरकाबरोबर ९५ टक्क्यांची पट्टी द्या. सरासरीऐवजी बहुस्तरीय मॉडेल (मूल आणि वर्ग अशा दोन्ही पातळ्यांचा फरक धरणारं) वापरणार असाल तर आर या सॉफ्टवेअरमधलं एलएमई४ किंवा फुकट मिळणारं जामोवी चालतं. पण गट दहा-पंधराहून कमी असले तर डीएफसाठी सॅटरथवेट किंवा केनवर्ड-रॉजर दुरुस्ती लागते, नाहीतर तीच चूक नव्या कपड्यांत परत येते.

प्रत्येक बाजूला एकच एकक असेल तर पी-व्हॅल्यू काढूच नका. आलेख आणि सरासऱ्या द्या, 'वर्णनात्मक' म्हणा.

आणि आयसीसी किंवा बॅचमधलं व बॅचबॅचमधलं विचलन वेगळं काढून छापा. पुढच्या संशोधकाला नमुना ठरवायला नेमका हाच आकडा हवा असतो आणि तो कुठेच मिळत नाही. ही मर्यादा पद्धतीच्या प्रकरणातच लिहा. शेवटच्या पानावर लपवली तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.

पाटीपेन्सिल

चिठ्ठ्या एक्सेलमध्ये काढणाऱ्यांसाठी: रॅन्ड सूत्राचा आकडा प्रत्येक बदलाबरोबर नवा होतो. क्रम लावण्याआधी तो स्तंभ 'व्हॅल्यू' म्हणून चिकटवा आणि फाइलवर तारीख घालून ठेवा. नाहीतर वाटप कसं झालं हे नंतर दाखवता येत नाही.

घन१५०

आणि माहितीच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून ओळखीचे स्तंभ ठेवा. क्यूब असेल तर दिवस, बॅच, साचा क्रमांक. रोप असेल तर गट, वाफा, रोप. विद्यार्थी असेल तर शाळा, तुकडी, हजेरी क्रमांक. नुसते ताकदीचे ४८ आकडे सलग लिहून ठेवले तर कोणता क्यूब कोणत्या बॅचचा हे दोन महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही, आणि मग बरोबर विश्लेषण करायची इच्छा असूनही करता येत नाही. क्यूबवर रंगाने लिहिलेला क्रमांक पाण्याच्या टाकीत पुसला जातो. बॅच आणि दिवस ओल्या काँक्रीटवरच खिळ्याने कोरा, वरच्या पृष्ठभागावर, कारण भार त्या बाजूवर येत नाही.